न कुजणारा देह आणि संतत्वाची कसोटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत, संतमहात्म्यांचे देह मृत्यूनंतर वर्षानुवर्षे न कुजता कसे राहतात, या विषयावर एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला आहे. जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्यापासून जपानमधील भिक्षूंपर्यंत अनेक उदाहरणे त्यात आहेत आणि लेखकाने ती आदराने मांडली आहेत, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र लेखाच्या शेवटी दोन विधाने आहेत. विज्ञानाला या देहांचे कोडे मुळीच उलगडलेले नाही, हे पहिले. आणि देह न कुजणे हीच संतत्वाची खरी खूण होय, हे दुसरे. पहिले विधान चुकीचे आहे. दुसरे चुकीचे तर आहेच, शिवाय त्यापायी निरपराध माणसाला इजा पोहोचते, आणि ती पोहोचताना मी स्वतः पाहिली आहे. म्हणून हे पत्र लांबले तरी त्याला जागा द्यावी, अशी विनंती आहे.

मी शिरोड्याचा रहिवासी असून माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. आमच्या गावापासून गोव्याची हद्द जवळ असल्याने गोंयच्या सायबाचे, म्हणजे झेवियर यांचे, दर दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन हा आमच्या भागातील हिंदू घरांनाही परका सोहळा नाही. १९७४ साली, मी नववीत असताना, आई मला घेऊन गेली होती. माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात तिने सायबाला नवस बोलला होता. खाडी ओलांडून, गाड्या बदलत आम्ही जुन्या गोव्याला पोहोचलो आणि से कॅथेड्रलसमोरच्या रांगेत उभे राहिलो. आदल्या दिवशी मित्रांनी मला सांगितले होते की सायब झोपल्यासारखा दिसतो. काचेच्या पेटीत मला दिसले ते सुकून काळसर तपकिरी झालेले, आक्रसलेले एक शरीर. परत येताना मी हिरमुसून आईला म्हणालो की तो तर सुकून गेला आहे. आई चालता चालता थांबली आणि म्हणाली, "आमी सायबाक बघूक नाय इलंव. सायबान आमका बघूचा म्हणान इलंव." चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईला जे कळले होते, ते आपल्या पुरवणीतील लेखात यायला हवे होते, असे मला वाटते.

झेवियर यांच्या देहाचा इतिहास चांगला नोंदलेला आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगचुआन बेटावर त्यांचे निधन झाले. लाकडी पेटीत देह ठेवून भोवती चुना भरण्यात आला. मांस लवकर झडून जावे आणि अस्थी हिंदुस्थानात नेता याव्यात, हा त्यामागचा हेतू होता. अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १५५३ मध्ये, पेटी उघडली तेव्हा देह शाबूत आढळला. तेथून तो मलाक्काला नेऊन चर्चमध्ये पेटीशिवाय मातीत पुरण्यात आला, काही महिन्यांनी पुन्हा उकरण्यात आला आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात पोहोचला. तेथे व्हाइसरॉयच्या वैद्याने तपासणी करून देहावर कोणतेही मसाले वा लेप वापरलेले नसल्याची साक्ष दिली. १६१४ साली उजव्या हाताचा कोपराखालचा भाग कापून रोमला पाठवण्यात आला. १६२२ साली त्यांना संतपद मिळाले. गोव्याच्याच रौप्यकारांनी घडवलेली चांदीची पेटी १६३७ च्या सुमारास तयार झाली, आणि तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला संगमरवरी चौथरा १६९८ साली जुन्या गोव्यातील बॉम जेझू या चर्चमध्ये उभा राहिला. पहिले जाहीर प्रदर्शन १७८२ साली भरवले गेले, ते मुख्यतः पेटीत मूळ देहच आहे ना, अशी कुजबुज सुरू झाली होती म्हणून. आजचा देह सुकलेला आहे, त्याचे काही भाग जगभर वाटले गेले आहेत आणि चर्चही त्याचा उल्लेख 'पवित्र अवशेष' असा करते. 'जसाच्या तसा राहिलेला देह' असे आज गोव्यातील चर्च म्हणत नाही; ते आपण मराठी वर्तमानपत्रांतून म्हणतो.

आता चुन्याविषयी. चुन्याने प्रेत लवकर झिजते, ही समजूत युरोपातही होती आणि आपल्याकडेही आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. कळीचा चुना ओल शोषून घेतो, ओल मिळताच तापतो, भोवतालचे वातावरण अल्कधर्मी करतो आणि त्या वातावरणात कुजवणारे जिवाणू तग धरत नाहीत. अलीकडच्या काळात बेल्जियममध्ये डुकरांचे मृत देह चुन्यात पुरून जे प्रयोग झाले, त्यांतही चुन्याने कुजणे लांबते असेच आढळले. म्हणजे देह लवकर झडावा म्हणून शांगचुआनच्या वाळूत ज्यांनी चुना भरला, त्यांनी अजाणता तो राखण्याचीच तजवीज केली. मलाक्काच्या ओल्या मातीतील महिन्यांचा उलगडा इतका सरळ नाही, हे मी मान्य करतो. पण कुजण्याच्या दृष्टीने पहिले आठवडे निर्णायक असतात आणि ते आठवडे तो देह चुन्यात होता, ही गोष्ट आपल्या लेखकाने एका शब्दानेही सांगितलेली नाही.

कुजणे म्हणजे काय, हे आपण घरात कधी बोलत नाही, म्हणून त्याबद्दलच्या गैरसमजुती फार आहेत. श्वास थांबल्यावर पेशींतील पाचकद्रव्ये त्या पेशींनाच खाऊ लागतात आणि आतड्यांत आयुष्यभर मुकाट्याने नांदणारे जिवाणू बाहेर पसरतात. उन्हाळ्यात बारा ते चोवीस तासांत पोटाच्या उजव्या बाजूला, खालच्या भागात हिरवट छटा दिसू लागते; मग वायू साठून देह फुगतो. या सगळ्याला ऊब, ओल आणि हवा लागते. न्यायवैद्यकात एक जुना आडाखा शिकवतात की, उघड्या हवेत एका आठवड्यात देहाचे जितके विघटन होते, तितके पाण्यात दोन आठवड्यांत आणि मातीत आठ आठवड्यांत होते. पुरलेला देह अपेक्षेपेक्षा बरा निघाला की पाहणाऱ्याला नवल वाटते, त्याचे निम्मे कारण या आडाख्यातच आहे.

देह मऊ राहिला, हात सहज वळला, हा आणखी एक चमत्कार नेहमी सांगितला जातो. मृत्यूनंतर दोन-चार तासांत स्नायू ताठरू लागतात, सुमारे बारा तासांत सर्व शरीर ताठते आणि पुढे दीड दिवसात ती ताठरता आपोआप उतरते. आमच्या कोकणच्या मे महिन्यात ती याहूनही लवकर उतरते. दुसऱ्या दिवशी दर्शनाला आलेल्या माणसाला हात मऊ लागला, तर त्याचा अर्थ ताठरता येऊन गेली इतकाच होतो. नखे आणि केस वाढल्याच्या हकिकतींचेही तसेच आहे. कातडी सुकून मागे सरते आणि आधी झाकलेला भाग उघडा पडतो.

मिठाबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण ते आमच्या गावचे पीक आहे. १९३० च्या सत्याग्रहामुळे शिरोड्याची मिठागरे सर्वांना माहीत झाली. माझ्या वडिलांचे आयुष्य त्यांतल्याच एका मिठागरावर गेले. संन्याशाला अग्नी देत नाहीत, त्याला बसल्या स्थितीत भूमीत समाधी देतात आणि भोवती मीठ भरतात, हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे. मी लहान असताना जवळच्या एका मठातील स्वामींनी देह ठेवला, तेव्हा मिठाच्या गोणी आमच्या मिठागरावरून गेल्या होत्या. मी वडिलांना विचारले की एवढे मीठ कशाला. ते म्हणाले, "मीठ पाणी ओढून घेता. पाणी गेला की काय्येक कुसना नाय." इराणमधील झंजान प्रांतात मिठाच्या खाणीत १९९३ साली एका माणसाचे डोके सापडले, लांब पांढऱ्या केसांसह आणि दाढीसह, तो माणूस सुमारे १,७०० वर्षांपूर्वीचा निघाला. आमच्या किनाऱ्यावरची प्रत्येक बाई पावसाळ्याच्या बेगमीसाठी हेच ज्ञान हातात बाळगून असते. संतांची आणि मासळीची तुलना करण्याचा अविचार माझ्या मनात नाही. निसर्गाचा नियम दोन्हीकडे एकच आहे, एवढेच म्हणायचे आहे.

ओल कमी आणि थंडी फार असली तरी देह टिकतो. हिमाचल प्रदेशात स्पितीच्या खोऱ्यातील ग्यू गावी १९७५ च्या भूकंपानंतर बसलेल्या स्थितीतील एका बौद्ध भिक्षूचा सुकलेला देह उघडकीस आला. तो सुमारे पाचशे वर्षांचा मानतात. उलट ओल भरपूर पण हवा मुळीच नाही, अशा ठिकाणी शरीरातील चरबीचे साबणासारख्या मेणचट पदार्थात रूपांतर होते आणि देहाचा आकार, कधी कधी चेहऱ्याची ठेवणही, कायम राहते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील एक जुनी दफनभूमी रिकामी करताना हा पदार्थ मोठ्या प्रमाणात सापडला आणि तेव्हापासून रसायनशास्त्राला तो माहीत आहे. त्या दफनभूमीत संत नव्हते, गोरगरिबांची सामुदायिक थडगी होती.

आणि काही देह माणसांनी जाणीवपूर्वक राखलेले असतात. यात फसवणूक असतेच असे नाही. इटलीतील कोर्तोना येथील संत मार्गारेट यांचे निधन १२९७ साली झाले आणि त्यांचा देह शतकानुशतके आपोआप टिकलेला मानला गेला. १९८० च्या दशकात एझिओ फुल्केरी या विकृतिशास्त्रज्ञाने चर्चच्याच सांगण्यावरून तपासणी केली, तेव्हा वस्त्राखाली पोटावर आणि मांड्यांवर शिवलेले लांब छेद आढळले. देह मसाले घालून राखला होता. पुढे जुनी कागदपत्रे पाहता, गावकऱ्यांनीच तशी उघड विनंती केली होती, असेही दिसले. लपवलेले काही नव्हते. पिढ्या बदलल्या आणि लोक ते विसरून गेले, एवढेच. फ्रान्समधील लूर्दच्या संत बर्नादेत यांचे निधन १८७९ साली झाले. १९०९ साली प्रथम पेटी उघडली तेव्हा देह चांगल्या स्थितीत होता, पण तो धुण्यात आला आणि १९१९ साली पाहिले तेव्हा कातडीवर बुरशीचे डाग व क्षारांचा थर दिसला. १९२५ साली तो काचेच्या पेटीत ठेवताना चेहऱ्यावर आणि हातांवर मेणाचे पातळ आवरण चढवण्यात आले. आपल्या लेखासोबत बर्नादेत यांचे जे शांत, तजेलदार छायाचित्र छापले आहे, ते त्या मेणाचे छायाचित्र आहे. असिसीला ठेवलेल्या, २००६ साली पंधराव्या वर्षी गेलेल्या आणि २०२५ साली संतपद मिळालेल्या कार्लो अकुतिस या मुलाच्या चेहऱ्यावरही सिलिकॉनचा मुखवटा आहे, आणि देह न कुजता राहिलेला नाही हे तेथील चर्चने स्वतःहून सांगितले आहे. आपल्या लेखकाने तेवढे वाचायला हवे होते.

शिवाय ज्यांना कोणीही कधी संत म्हटले नाही, अशांचे देहही टिकलेले आहेत, आणि तेही संतांच्या देहांहून चांगले. चीनमधील छांगशा शहराजवळ मावांगत्वी येथे १९७२ साली एका सरदार घराण्यातील बाईची कबर उघडली गेली. तिला जाऊन दोन हजारांहून अधिक वर्षे झाली होती. कातडी लवचीक होती, सांधे वळत होते, शिरांत रक्त होते आणि पोटात खरबुजाच्या बिया होत्या. कबर खोल होती, भोवती कोळशाचा आणि चिकट पांढऱ्या मातीचा थर होता, त्यामुळे आत हवा पोहोचलीच नाही. सिसिलीत पालेर्मो येथे १९२० साली वारलेल्या रोझालिया लोम्बार्दो या दोन वर्षांच्या मुलीला पाहून आजही लोकांचा श्वास अडकतो. तिचा देह राखणाऱ्या आल्फ्रेदो सालाफिया याची हस्तलिखित कृती सापडल्यावर कळले की त्याने फॉर्मेलिन, जस्ताचे क्षार, अल्कोहोल, सॅलिसिलिक आम्ल आणि ग्लिसरीन वापरले होते.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. लिझ्यूच्या तेरेझ यांचे थडगे १९१० साली उघडले तेव्हा आत केवळ अस्थी होत्या. १९२५ साली त्यांना संतपद मिळाले. इंग्लंडमधील कार्डिनल न्यूमन यांची कबर २००८ साली उघडली, तर ओल्या मातीत अस्थीही उरल्या नव्हत्या. २०१९ साली तेही संत झाले. आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर गोव्याचे सुपुत्र जोसेफ वाझ यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १६५१ साली बाणावलीला जन्मलेला हा माणूस डच सत्तेच्या छळाच्या काळात श्रीलंकेत गेला, देवीच्या साथीत रोग्यांची सेवा करत राहिला आणि १७११ साली कँडीत वारला. २०१५ साली त्यांना संत घोषित करण्यात आले. त्यांचे दफन नेमके कोठे झाले, ती जागाच आज कोणाला ठाऊक नाही. पेटी नाही, शवप्रदर्शन नाही, पाहायला काहीही नाही. म्हणून त्यांचे संतत्व झेवियर यांच्याहून तसूभर तरी कमी ठरते का, या प्रश्नाला आपल्या लेखकाने उत्तर द्यावे.

आपल्या मराठी परंपरेने तर देहाला असा मान कधी दिलाच नाही. माणगावच्या टेंबेस्वामींचा देह १९१४ साली गरुडेश्वरी नर्मदेच्या स्वाधीन झाला. माणगावला जाणाऱ्या भाविकाला त्यामुळे काही उणे वाटत नाही. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपुढे बसलेला माणूस आत देह कसा आहे, असा विचार मनातही आणत नाही. आळंदीचे उदाहरण आपल्या लेखात आले आहे, पण ते तेथे चुकून आले आहे. ज्ञानदेवांची समाधी संजीवन आहे, ते गेलेच नाहीत, अशी वारकऱ्यांची धारणा आहे. मृत देह टिकला, अशी नाही. अजानवृक्षाची मुळी कंठाला लागल्याचे स्वप्न एकनाथांना पडले आणि ते आळंदीला गेले, ही कथा महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही माहीत आहे. पण समाधीतून परत आल्यावर नाथांनी देहाचे वर्णन करत गावोगाव फिरण्याऐवजी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करायला घेतली, आणि शके १५०६ मध्ये ते काम पुरे केले.

एक गोष्ट जाता जाता. झेवियर यांच्या देहाची खरोखर काळजी असेल, तर चमत्काराच्या चर्चेपेक्षा बॉम जेझूच्या भिंतींची चर्चा करावी. ती वास्तू जांभ्या दगडाची आहे. १९५० च्या दशकात जुने दिसावे म्हणून तिच्यावरचा चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला आणि तेव्हापासून दरवर्षीचा पाऊस त्या उघड्या जांभ्यात मुरतो आहे. कोकणात ज्याने घर बांधले आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. सुकलेल्या देहाचा शत्रू ओल हाच असतो.

आता ज्या प्रसंगासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्याकडे येतो. १९९१ च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या एका गावात एक वृद्ध सत्पुरुष वारले. गावाचे नाव आणि त्यांचे नाव मी देत नाही. खरोखरच सज्जन माणूस, लोभ नाही, कोणाकडून पै घेतली नाही, रात्री-अपरात्री कोणाच्याही दुखण्याला धावून जाणारा. त्यांच्या भक्तमंडळींनी देह ओसरीवर आसनस्थ बसवला, भजन सुरू केले आणि ठरवले की महाराजांचा देह बिघडणार नाही, तेव्हा लांबून येणाऱ्यांसाठी तीन दिवस दर्शन ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी हात मऊ झाल्याचे लक्षात आले, तेव्हा जयजयकार झाला. दुपारपर्यंत पोट फुगू लागले. संध्याकाळी अंगणात उभे राहवेना. तेव्हा मंडळींपैकी कोणीतरी प्रश्न काढला की असे झालेच कसे, आणि थोड्याच वेळात उत्तरही सापडले. महाराजांची सून त्या दिवसांत 'बाहेरची' होती आणि तिने देहाला स्पर्श केला होता. आजारपणाच्या शेवटच्या आठ महिन्यांत ज्या बाईने त्यांचे सगळे केले, अंथरूण धुतले, घास भरवले, तिच्यावर त्या संध्याकाळी साऱ्या गावादेखत तो ठपका ठेवला गेला.

मी तेथे होतो. एकतीस वर्षांचा होतो, विज्ञानाचा शिक्षक होतो, आणि मे महिन्यात उघड्यावर ठेवलेल्या देहाचे तिसाव्या-चाळिसाव्या तासाला काय होते हे मला पाठ होते. मी बोललो नाही. दुःखाच्या घरी वाद नको, असे मी मनाशी म्हटले, आणि पुढे बरीच वर्षे स्वतःला तेच सांगत राहिलो. पुढच्या काळात त्या घरी गावजेवणाला लोक जाईनासे झाले, आणि त्या बाईला देवळाच्या पायरीवरून दोनदा परत पाठवण्यात आले. दोन वर्षांनी, १९९३ साली, कोलकात्याजवळ बालक ब्रह्मचारी या गुरूंचे निधन झाले आणि ते समाधीतून परत येतील म्हणून त्यांच्या अनुयायांनी देह पन्नासहून अधिक दिवस राखून ठेवला, शेवटी पोलिसांना बळाने अंत्यसंस्कार करावा लागला; ती बातमी वर्तमानपत्रात वाचताना मला दर वेळी आठवत होती ती ओसरी आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली ती बाई.

देह न कुजणे ही संतत्वाची खूण ठरवली की कुजणे हा आपोआप दोष ठरतो, आणि दोष ठरला की तो कोणाच्या तरी माथी मारावा लागतो. मृताच्या माथी तो कोणी मारत नाही. म्हणून मी आपल्या लेखाकडे केवळ माहितीची चूक म्हणून पाहू शकत नाही. आपल्या लेखावर प्रतिक्रिया देताना काही मंडळी हे सारे थोतांड आहे, असे म्हणतील. माझे म्हणणे तेही नाही. माझी आई थोतांडाला नमस्कार करायला गेली नव्हती. झेवियर यांच्या पेटीपुढे, समाधींपुढे, जोसेफ वाझ यांच्या न सापडलेल्या थडग्यापुढेसुद्धा हात जोडणाऱ्यांनी खुशाल हात जोडावेत. फक्त पेटीच्या आत काय उरले आहे, यावरून आतल्या माणसाचे मोल करू नये, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे तर मुळीच करू नये.

त्या सूनबाई आता साठी ओलांडून गेल्या आहेत. आपले दैनिक त्यांच्या घरी येते. रविवारचा लेख त्यांनी वाचला आणि सोमवारी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. पुरवणीचे पान घडी करून त्यांनी पिशवीतून आणले होते. ओट्यावर बसून, माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "गुरुजी, म्हणजे तेव्हा जा झाला ता माझ्यामुळाच काय?" चौतीस वर्षांपूर्वी जे बोलायला हवे होते, ते मी त्यांना त्या दिवशी सांगितले. चुना, मीठ, उन्हाळा, पोटातले जिवाणू, सारे सांगितले; मावांगत्वीच्या बाईचे आणि जोसेफ वाझ यांचेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या की तुम्ही सांगता ते खरे असेल, पण छापून आले आहे ते दुसरेच.

तेव्हा हे पत्र त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावे, एवढीच विनंती. माझे नाव छापू नये, कारण त्यावरून त्यांचे घर ओळखता येईल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
शिरोडा, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग